काकांचा मुख्त्यारनामा

(सार्वजनिक काकांच्या स्मृतिदिनी वकील मंडळी आणि वाचनालयाच्या सभासदांसमोर केलेलं भाषण. बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढलीत.)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या ना, पहिल्या दोन रांगा रिकाम्याच आहेत, आणि तो पंखा एक नंबरने कमी करा कुणीतरी, माझ्याकडे एक जुना कागद आहे तो उडायला नको. कागदाचं काय ते शेवटी सांगतो. मला पाऊण तास दिलाय आणि साडेसातला इथे भजनी मंडळ येणार आहे असं आत्ताच सांगितलं गेलंय, तर विषयाला लगेच हात घालतो.

आज 25 जुलै. 1880 साली आजच्याच दिवशी गणेश वासुदेव जोशी गेले. वय 52. बावन्न म्हणजे काय हो, आपल्या बाररूममध्ये बावन्नच्या माणसाला अजून ज्युनियर म्हणून हाक मारतात. आणि एवढ्या आयुष्यात त्या माणसाला पुण्याने एक नाव दिलं, सार्वजनिक काका. माझा सहा वर्षांचा नातू सकाळी विचारत होता, आजोबा तुम्ही आज कोणावर बोलणार, मी म्हटलं सार्वजनिक काकांवर, तर तो म्हणतो सगळ्यांचे काका म्हणजे दिवाळीला सगळ्यांना खाऊ द्यायला लागत असेल! मी म्हटलं हो रे बाबा, दिला ना, आणि पदरचे पैसे घालून दिला.

पण मला हे नाव फार मोलाचं वाटतं. लोकांनी रावबहादूर म्हटलं नाही, देशभक्त म्हटलं नाही, काका म्हटलं. काका हे घरातलं नातं आहे. काका म्हणजे वडिलांना सांगता येत नाही ते ज्याला सांगता येतं तो, भांडण झालं की दोन्ही बाजूंना ओरडतो तो. एका अख्ख्या शहराने एका वकिलाला घरात घेतलं, आणि वकिलाला कोणी घरात घेत नाही हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहितीय. वकील घरात आला म्हणजे वाटणीच.

आमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'सार्वजनिक काकांचं मुख्त्यारपण आणि आजचा वकील'. मुख्त्यारपण म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलायचा लेखी अधिकार, आणि तो ज्या कागदाने देतात तो मुख्त्यारनामा. त्यावर येतोच. पण त्याआधी एक गोष्ट, जी गेली वीस वर्षं माझ्या मनात खुपतेय आणि जी मी जमेल तिथे बोलतो.

कुणालाही विचारा, पुणे सार्वजनिक सभा, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था, कोणी काढली. दहातले आठ जण सांगतील, न्यायमूर्ती रानड्यांनी. परीक्षेच्या गाईडात पण तसंच. अहो, सभा स्थापन झाली 2 एप्रिल 1870 ला. आणि रानडे पुण्यात बदलून आले 1871 च्या शेवटी! सभा दीड वर्षाची झाली होती, दात आले होते तिला. रानड्यांचा मोठेपणा मी कशाला कमी करू, त्यांनी सभेला डोकं दिलं, अभ्यास दिला, सभेचं इंग्रजी त्रैमासिक 1878 पासून निघालं त्यातले कितीतरी लेख त्यांचे, नाव न घालता लिहिलेले. पण ते सरकारी नोकरीतले न्यायाधीश, पुढे येऊन सही करणार कशी? सही काकांची, दारोदार फिरणं काकांचं, वर्गणी मागणं काकांचं, शिव्या खाणं पण काकांचं. घर बांधताना आराखडा काढणारा लागतोच की, पण जागा शोधून पाया खणणाऱ्याचं नाव पाटीवरून गायब व्हावं हे मला सहन होत नाही.

आणि दुसरा घोटाळा सांगतो. इंग्रजी पुस्तकांत जी. व्ही. जोशी असं नाव येतं. ते दोन आहेत. एक आपले काका, गणेश वासुदेव. दुसरे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरचे शिक्षक, आकडेवारीचे अर्थशास्त्री, गोखल्यांना ज्यांनी तयार केलं ते, जन्म 1851, वारले 1911 ला. तेही सभेच्याच त्रैमासिकात लिहायचे, त्यामुळे गोंधळाला आणखी खतपाणी. मी स्वतः असे लेख वाचलेत ज्यात 1880 ला वारलेल्या काकांनी नंतरचे बजेटचे आकडे तपासलेत. तर सभेचं श्रेय रानड्यांकडे गेलं, उरलेलं सोलापूरकडे गेलं, आणि काकांच्या वाट्याला काय आलं, तर कुठेतरी एक ओळ, 'खादी वापरणारे पहिले पुढारी'. 

ती ओळ खरी आहे, खोटी नाही. जानेवारी 1872 मध्ये त्यांनी स्वदेशीची शपथ घेतली. रोज स्वतः सूत कातायचे आणि त्याच सुताचे कपडे घालायचे. गांधीजी तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते, हे जरा डोळ्यांसमोर आणा. आणि 1877 च्या जानेवारीत दिल्लीला लॉर्ड लिटनचा दरबार भरला, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायला, संस्थानिक सगळे जरीत न्हालेले, हत्तींवर झुली, आणि त्यात सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले जाड्याभरड्या खादीत. मागणी काय घेऊन गेले होते? की राणीच्या इंग्रज प्रजेला जो दर्जा आहे तोच हिंदी प्रजेला द्या. बास. भीक नाही, शेलकी विशेषणं नाहीत, वकिलाने अर्ज करावा तसा अर्ज.

बरं, आता घर. कारण मला जे सांगायचंय ते घरापासून सुरू होतं. काका मूळचे सातारचे, 1828 चा जन्म, विशीत पुण्याला आले, आधी कचेरीत कारकुनी केली आणि 1865 मध्ये वकिलीची सनद मिळवली. म्हणजे सदतिसाव्या वर्षी काळा कोट, कोट तेव्हा नसेल पण समजून घ्या. कोर्ट त्यांनी आधी टेबलाच्या खालच्या अंगाने पाहिलं होतं, समन्स लागू होत नाही म्हणून खेटे घालणारा माणूस काय असतो ते कारकुनाला कळतं, मोठ्या वकिलाला कळत नाही. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. यांचं नाव इथे किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. तीन. बघा. सरस्वतीबाईंनी बायकांसाठी 'स्त्री विचारवती सभा' काढली. 1870 च्या दशकात हो, जेव्हा बाईने चार बायका जमवून विचार करायचा ही कल्पनाच लोकांना पचत नव्हती. नाव पण बघा काय ठेवलंय, विचारवती.

माणूस कुटुंबवत्सल होता का, हे मी कसं ओळखतो सांगू? त्याच्या बायकोला काय करता आलं त्यावरून. वाढदिवसाला साडी आणणारे पुष्कळ असतात. पण सार्वजनिक कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाच्या घरात बायकोच्या वाट्याला बहुतेक वेळा काय येतं, तर आल्यागेल्याचा चहा. इथे एकाच घरातून दोन सभा चालल्या, एक त्यांची, एक तिची. याचा अर्थ त्या घरात रात्री बोलणं होत असणार. एकमेकांना विचारणं होत असणार. ते बोलणं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण दोन सभा समोर दिसतायत ना.

आता माझ्या वडिलांविषयी थोडं बोलतो. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सगळा तालुका पण अण्णाच म्हणायचा. साताऱ्याच्या दुष्काळी बाजूला, माण तालुक्यात वकिली केली, चाळीस वर्षं. अण्णांमुळेच मला काका समजले, पुस्तकातून नाही समजले.

अण्णा साडेपाचच्या एसटीने घरी यायचे, कोट खुंटीला, हातपाय धुतले की स्वयंपाकघरात पाटावर बसून आईबरोबर मेथी निवडायला घ्यायचे. मेथी निवडता निवडता आम्हा चौघांचे पाढे, एकोणतीसचा पाढा चुकला की काही बोलायचे नाहीत, नुसती हातातली काडी वर धरायचे. आणि तारखांची डायरी आईकडे असायची. सातवी शिकलेली बाई, पण कुठला दावा कधी आहे, कुणाची कैफियत द्यायची राहिलीय, कुठल्या अशिलाच्या घरी लग्न आहे म्हणून तारीख वाढवून घ्यायचीय, सगळं तिच्या अक्षरात. अशील जेवणाच्या वेळेला आला तर त्याला ओसरीवर बसवून ठेवायची पद्धत नव्हती आमच्याकडे, ताट वाढलं जायचं. आई म्हणायची उपाशी माणूस अर्धवटच सांगतो, जेवला की खरं काय ते सांगतो. उलटतपासणीची यापेक्षा चांगली पद्धत मला आजवर सापडली नाही.

तर 1973 चा उन्हाळा. बहात्तरचा दुष्काळ तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोचं धान्य. विहिरी कोरड्या, आणि एका वाडीतल्या बायका माणगंगेच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरायच्या. एक घागर भरायला पाऊण तास. नदीवर जायची जी पाणंद होती ती एका बड्या माणसाच्या शेताच्या कडेने जायची, आणि त्याने एक दिवस तिथे बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली. का, तर येता-जाता बायका त्याच्या विहिरीत घागर सोडतात असा त्याला संशय. वळसा घालून गेलं तर दीड मैल जास्त. मामलेदार कोर्ट कायदा 1906 चा आहे, वहिवाटीची वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे, म्हणजे तहसीलदाराकडे, जाता येतं, वकील मंडळींना पाठ आहे. वाडीतले दोघं जण अण्णांकडे आले. अण्णांनी विचारलं, त्रास कुणाला होतोय? ते म्हणाले बायकांना. मग बायका का नाही आल्या? ते म्हणाले त्या काय करणार येऊन, आम्ही आहोत की सही करायला.

अण्णा म्हणाले, पाणी कोण भरतं? गप्प.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, अण्णा सायकल काढून वाडीवर गेले, मला मागे कॅरिअरवर बसवलं, मी तेव्हा आठवीत. बरोबर वकीलपत्राचे कागद, म्हणजे अशील वकिलाला आपल्या वतीने कोर्टात उभं राहायचा अधिकार देतो ते, तिकिटं, आणि ती निळ्या शाईची पत्र्याची स्टॅम्पपॅडची डबी, झाकण गंजलेलं, उघडताना नखात शाई जायची. पारावर बसले. बायका आल्या, एकतीस घरांतून एकेक. अण्णा ज्याच्या त्याच्या नावापुढे अंगठा घेत होते. सात-आठ झाले आणि एक म्हातारी आली, उन्हाने करपलेली, हिरवं लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी तशीच. म्हणाली, मी न्हाय देनार.

अण्णा म्हणाले, का हो आज्जी?

"अंगठा दिला की जिमीन जाती. माज्या सासऱ्यानं दिल्ता."

"आज्जी, हा जमिनीचा कागद नाही. वकीलपत्र आहे."

"त्ये तू म्हनतोयस. मला वाचाया येतंय व्हय?"

सगळे हसले, काही बायकांनी तिला गप बस म्हटलं. अण्णा नाही हसले. त्यांनी तो छापील कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, प्रत्येक वाक्य वाचायचं आणि मग बोलीत सांगायचं. तोवर त्यांना वकिलीला बावीस वर्षं झाली होती, हजारो वकीलपत्रं घेतली असतील, पण ते मला नंतर म्हणाले की मोठ्याने वाचलेलं ते पहिलं. आपल्यापैकी कुणी वाचून दाखवतं का हो अशिलाला? इथे सही करा, इथे सही करा, झालं. आमचे वतीने हजर राहणे. अर्ज करणे. पुरावा देणे. म्हातारी मान हलवत होती. मग आलं, 'तडजोड करणे'.

"थांब. तडजोड म्हंजी?"

अण्णांनी सांगितलं, मिटवून घेणं.

"म्हंजी आमाला न इचारता तू त्येच्यासंगं मिटवनार?"

अण्णा म्हणाले, तसं मी करणार नाही, पण कागदात तसा अधिकार असतो.

"मग काढ त्ये."

आणि अण्णांनी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. बाजूला आद्याक्षरं केली. पुढे होतं 'रकमा स्वीकारणे', ती म्हणाली ह्ये बी काढ, ते पण खोडलं. मग म्हातारीने पाटी खाली ठेवली, पदराने अंगठा पुसला, शाईत बुडवून इतका दाबून उठवला की कागद खालच्या फळीला चिकटला. तिचं झाल्यावर आधीच्या सात-आठ जणी परत आल्या, म्हणाल्या आमच्यात पण खोडलंय ना? एकच कागद होता, सगळ्यांचाच खोडला गेला होता. अण्णांनी तसाच दुसरा कागद तयार केला, पुन्हा एकतीस अंगठे. एक कोर्टात लावायला, एक जवळ ठेवायला. शाई संपत आली होती तर पॅडवर पाणी शिंपडायला लागलं, आणि पाणी कुठून आणलं, तर एका पोरीने घागरीतून चमचाभर दिलं. त्या उन्हाळ्यातलं चमचाभर पाणी, माझ्या नजरेसमोरून जात नाही ते.

पुढे काय झालं तर त्या बड्या माणसाचा निरोप आला अण्णांना, वकीलसाहेब, मिटवून टाकू, आठवड्यातून तीन दिवस वाट मोकळी ठेवतो. कुठल्याही वकिलाने म्हटलं असतं, चला, काहीतरी मिळालं. अण्णा म्हणाले मला अधिकार नाही, आणि खोडलेली ओळ त्याला दाखवली. मग परत सायकल, परत पार, बायकांना विचारलं. म्हातारी म्हणाली, तान काय आठवड्यातनं तीनच दिस लागती व्हय? झालं, तडजोड फेटाळली. मामलेदार जागेवर पाहणीला आले, हुकूम झाला, काट्या निघाल्या. फी म्हणून काय मिळालं तर पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर एक पायली मटकी. आईने डायरीत जमेला लिहिली.

किती वाजले? पंचवीस मिनिटंच उरली? अरे बापरे. आणि मला फडक्यांच्या खटल्याचं सांगायचंच होतं, ते सोडून चालणारच नाही, त्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

1879. हवा कशी होती बघा. मे महिन्यात 13 तारखेला पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या, सरकारचा संशय पुण्यातल्या शिकलेल्या मंडळींवर, रानड्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली. वासुदेव बळवंत फडके, लष्कराच्या हिशेब खात्यातला कारकून, दुष्काळात माणसं मरताना बघून पेटून उठलेला, जुलैच्या 20 तारखेला तिकडे देवर नावडगीला पकडला गेला, अंगात ताप, एका देवळात झोपलेला. पुण्यात आणला, संगमाजवळच्या सेशन्स कोर्टात खटला. आणि प्रश्न आला, वकीलपत्र घेणार कोण? सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप. वकील म्हणून जो उभा राहील त्याच्या नावापुढे सरकार काय लिहिणार हे सगळ्यांना कळत होतं. आणि काकांची सभा तर आधीच सरकारच्या डोळ्यावर आलेली. काकांना घरी बसायला सगळ्यात चांगलं कारण होतं. ते उभे राहिले, आणि फी न घेता.

काका अर्ज-विनंत्यांचे, सनदशीर मार्गाचे. दरोडे घालून राज्य उलथवायचं हे त्यांना पटणारं नव्हतंच. पण मत आपलं असतं आणि वकीलपत्र अशिलाचं असतं. आणि केस कशी, तर फडक्यांच्या स्वतःच्या हातची रोजनिशी आणि आत्मवृत्त सरकारच्या हातात पडलेलं! अशा अशिलाचं वकीलपत्र घेतलेलं कुणी आहे इथे, ज्याने सगळं आधीच लिहून ठेवलंय? शिक्षा झाली, जन्मठेप काळ्या पाण्याची, एडनला पाठवलं, तिथेच 17 फेब्रुवारी 1883 ला फडके गेले. काका त्याच्या आधीच गेलेले, खटल्यानंतर वर्षसुद्धा काढलं नाही त्यांनी. मी संगम पुलावरून जाताना स्कूटर हळू करतो. फडक्यांचं स्मारक आहे तिथे. त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या वकिलाची एक पाटी तरी हवी होती.

आता विषय. खरंच आता विषय, दहा मिनिटांत उरकतो, भजनी मंडळाची मंडळी दारात दिसतायत, या या, बसा, तुमच्या पण कामाचं आहे.

सार्वजनिक सभा निघाली कशातून? पर्वती संस्थानाच्या कारभारातून. देवस्थानच्या पंचांविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, काका आणि मंडळी बोलायला लागली, आणि प्रश्न उभा राहिला की तुम्ही बोलताय ते कोणाच्या वतीने? तुम्हाला अधिकार कोणी दिला? हा प्रश्न ऐकून पुढारी चिडतो, माझ्यामागे जनता आहे म्हणतो. काका वकील होते. त्यांना हा प्रश्न बरोबरच वाटला असणार, कारण कोर्टात रोज तोच विचारतात, वकीलपत्र लावलंय का? तर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काय केलं, मुख्त्यारनामे गोळा केले. सभेचा सभासद व्हायचं तर किमान 50 लोकांच्या सह्यांचा मुख्त्यारनामा आणायचा, की हा माणूस आमच्या वतीने बोलेल. 95 सभासद झाले, त्यांच्यामागे 6,000 लोकांच्या सह्या.

या आकड्यापाशी थांबा जरा. 1870 साल. कौन्सिलात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नाही, मतदार यादी नाही, मतपेटी नाही. काँग्रेस निघायला अजून 15 वर्षं आहेत, आणि ते पहिलं अधिवेशनसुद्धा आधी पुण्यालाच ठरलं होतं, कॉलऱ्यामुळे मुंबईला गेलं. आणि इथे एक वकील आपल्या धंद्यातला साधा रोजचा कागद उचलतो आणि त्यातून प्रतिनिधी तयार करतो. लोकांनी निवडून दिलेला माणूस ही कल्पना आपण इंग्रजांकडून घेतली असं म्हणतात, असेल, पण पुण्यात ती स्टॅम्पपेपरवरून आली, अशिलाकडून आली, हे माझं म्हणणं आहे आणि मला ते पुराव्यानिशी मांडायचं होतं, तेवढा वेळ नाही.

आणि म्हणून पुढचं सगळं जमलं. दुष्काळ पडला 1876 ला, तर सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवली, काय पेरलं, काय उगवलं, किती माणूस उठून गेला हे गोळा करून सरकारला कळवलं. सरकारला ते नाकारता येईना, कारण मागे सह्या होत्या. लवाद कोर्ट काढलं, की भांडणं आपसात मिटवा, कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका. वकिलाने हो! आपल्याच पोटावर पाय. म्हणजे तडजोडीला काकांचा विरोध नव्हता, पण ती कोणी करायची, दोन्ही पक्षकारांनी समोर बसून. माझ्या त्या म्हातारीचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

पुढे 1895 ला सभा टिळकांच्या बाजूकडे गेली, रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली, तो सगळा इतिहास आज राहू दे.

आजचा वकील. दोनच मिनिटं. आमच्या भागात एका रस्त्याचा प्रश्न झाला, झाडं तोडायची की नाही. एका समितीने 'सर्व रहिवाशांच्या वतीने' संमतीचं पत्र देऊन टाकलं. मी माहितीच्या अधिकारात ते पत्र काढलं. खाली सह्या किती, चार. आम्ही दोनशेवर घरं आहोत. मी चौघांना भेटलो, चांगली माणसं, मला म्हणाले अहो ग्रुपवर टाकलं होतं की, कोणी काही बोललं नाही. कोणी बोललं नाही म्हणजे मुख्त्यारनामा झाला का? झाडं गेली. माझ्या बायकोने त्यातल्या एका पिंपळाखाली पस्तीस वर्षं वटपौर्णिमेला जाणाऱ्या बायकांना सरबत दिलंय, वड नव्हता आमच्याकडे म्हणून पिंपळ, तिला कोणी विचारलं नाही. मी वकील, मी घरात असून मला कळलं नाही. तेव्हापासून मी ठरवलंय आणि आपल्या बाररूममधल्या तरुण पोरांना हात जोडून सांगतोय, वकीलपत्र वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय, मराठीत समजावून सांगितलं तर सहा. आणि तडजोडीच्या ओळीपाशी थांबा, अशिलाला विचारा ही ठेवू का खोडू. मी गेली चार वर्षं विचारतोय. बरेच जण म्हणतात राहू द्या. काही जण म्हणतात खोडा. जे खोडा म्हणतात त्यात बायका जास्त आहेत, माझ्याकडे तरी.

झालं, झालं, उठतोच. तबला लावून घ्या तुम्ही.

फक्त हा कागद. अण्णा गेल्यावर आईच्या डायऱ्यांच्या गठ्ठ्यात सापडला, तो दुसरा, जवळ ठेवलेला. प्लास्टिकमध्ये घातलाय, पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या, दोन्ही हातांनी धरा, घडीवर फाटलाय. मधे दोन ओळी खोडलेल्या दिसतील, शेजारी अण्णांची आद्याक्षरं. खाली अंगठे आहेत, सुरुवातीचे गडद आणि शेवटचे फिके, कारण शाईत पाणी घातलं होतं. तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरा, जरा तिरका आणि सगळ्यात ठसठशीत, तो तिचा. दिवा जरा इकडे वळवता का, मागच्यांना दिसेल.